थंड्या डब्ब्यासाठी आलू

मी नागपूरच्या गांधीबागेत औषधांच्या एका ठोक दुकानात बिलिंगचं काम करते. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची, तीही आळीपाळीनं. गोदामात छतापर्यंत खोकी रचलेली, त्यात स्पिरिटच्या बाटल्या, त्यामुळे शेगडीचं नाव काढायचं नाही. मायक्रोवेव्ह नाही. फ्रीज एक आहे, पण तो इन्सुलिनचा आणि लसींचा. त्याचं तापमान २ ते ८ अंशांच्या मध्येच राहिलं पाहिजे, दिवसातून दोनदा आकडा वहीत लिहायचा, आणि खाण्याची एकही वस्तू आत ठेवायची नाही. नियम बरोबरच आहे. म्हणजे सकाळी भरलेला डब्बा दुपारी दीड वाजता जसा असेल तसा खायचा. माझे मिस्टर हिंगण्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला जातात, त्यांचंही तसंच. मुलगा आयटीआयला. तीन डब्बे, तिन्ही थंडे.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेरच खायचो. कधी तर्री-पोहे, कधी दोन आलूबोंडे, कधी थाळी. मिस्टरांच्या वर्कशॉपजवळची थाळी ८० रुपयांवर गेली तेव्हा एका संध्याकाळी मी वही घेऊन बसले. तिघांचा मिळून महिन्याला जवळजवळ तीन हजाराचा खर्च निघाला. त्या रात्री ठरवलं की डब्बा रोज घरचा, आणि तो स्वस्तात झाला पाहिजे. तिघांनाही आवडते, घरात टिकते आणि बाराही महिने मिळते अशी भाजी एकच, आलू.

माझी जाऊ साताऱ्याची. ती बटाटा म्हणते. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर किनाऱ्यावर उतरला आणि देशावर पसरला. आमचं नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडाची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी-मराठी शेजारी-शेजारी नांदलेली, त्यामुळे आमच्या तोंडात आलूच. मी इथं आलूच लिहिणार.

सुरुवात मी सगळे करतात तशीच केली. रोजची आलूची भाजी सकाळी केली, कढत-कढत डब्ब्यात भरली. दुपारी उघडली तर झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब भाजीवर गळत होते, फोडी वरून ओल्या आणि आतून कोरड्या. सकाळी चव घेतली तेव्हा मीठ बरोबर होतं, दुपारी ते कुठं गेलं कळेना. फोडणीचा वास तर नव्हताच. बाजूला बसलेल्या ताईंनी विचारलं, "काहून वो, तब्येत बरी नाही काय? डब्बा तसाच परत नेऊन राहिल्या." भूक होती, पण घास उतरत नव्हता.

दुसरी चूक मोठी होती आणि ती सांगितलीच पाहिजे. सकाळची धावपळ वाचावी म्हणून जूनमध्ये एका रात्री साडेदहाला मी तिन्ही डब्बे गरम भाजीनं भरले, झाकणं घट्ट लावली आणि ओट्यावर ठेवून झोपले. पाऊस अजून लागला नव्हता, रात्रीही घर तापलेलंच. सकाळी माझ्या डब्ब्याला किंचित आंबूस वास आला म्हणून मी तो टाकला. मिस्टर तोवर निघून गेले होते, पण त्यांनी उघडल्यावर वास घेऊन बाजूला सारला. मुलानं मात्र खाल्ला. संध्याकाळपासून त्याला उलट्या आणि जुलाब, दोन दिवस आयटीआय बुडली. मी त्याच्या उशाशी बसून मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत होते आणि मनात एकच गोष्ट येत होती. दुकानात मी इन्सुलिनची पेटी दहा मिनिटं बाहेर राहिली तर ओरडते, आणि घरी माझ्याच लेकराचं जेवण रात्रभर गरम डब्ब्यात कोंडून ठेवते.

तेव्हापासून मी आलूकडे दुकानातल्या नजरेनं पाहू लागले. सीताबर्डीवरून सळईचा एक डिजिटल थर्मामीटर आणला. आमच्या दुकानात डी. फार्म. झालेला एक मुलगा आहे, त्यानं मला समजावून सांगितलं. आलू मातीत वाढतो, मातीतले काही जंतू बीजाच्या रूपात असतात आणि ते उकळीतही मरत नाहीत. अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये जितका वेळ रेंगाळेल तितकी त्यांची चैन. काही जंतू असं विष सोडतात की नंतर भाजी कितीही उकळा, ते जात नाही. म्हणून जे काय करायचं ते या दोन आकड्यांमधून लवकर बाहेर पडण्यासाठी करायचं.

मोजून पाहिलं. दोन किलो उकडलेले आलू गंजात झाकून ठेवले तर दोन तासांनंतरही मधल्या आलूच्या पोटात ५० च्या वर आकडा. तेच आलू सोलून, फोडी करून मोठ्या कोपरात, म्हणजे पसरट परातीत, एका थरात पसरले आणि वर पंखा लावला, तर पाऊण तासात खोलीच्या हवेइतके आले. मग उथळ स्टीलच्या डब्ब्यात भरून फ्रीजमध्ये, झाकण किंचित उघडं, पूर्ण थंड झाल्यावर बंद. हाच आता आमच्या घरचा नियम आहे: उकडल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि एप्रिल-मेमध्ये घरातली हवाच ३२ च्या वर असते तेव्हा एका तासात. गरम भाजी डब्ब्यात भरायची नाही म्हणजे नाही. कोपरात पसरलेल्या आलूवरून वाफ उठताना पाहते तेव्हा मला त्या दोन रात्रींची आठवण येते, म्हणून पंखा लावायला मी कधी विसरत नाही.

वास गेला, आजार गेला. पण चव? तिथं सासूबाईंनी रस्ता दाखवला. त्या भंडारा जिल्ह्यातल्या. उपवासाला आलू करायच्या तेव्हा मी पाहिलं होतं की त्या आलू सोलतात, बोटं पोळत असतानाच फोडी करतात आणि लगेच मीठ-लिंबू लावतात, मग फोडणी. मी विचारलं तर म्हणाल्या, "अवं, आलू कढत असतो तवाच पिऊन घेते मीठ. मग लाव की नको लाव, वरच राह्यते." मी एकाच गंजातले आलू दोन वाटे करून पाहिले. एका वाट्याला कढत असताना मीठ आणि चिंचेचं पाणी, दुसऱ्याला थंड झाल्यावर तेवढंच. दुसऱ्या दिवशी फोडी मधोमध कापल्या. पहिल्या वाट्यात चिंचेचा तांबूस रंग फोडीच्या आत कडेकडेनं उतरला होता. दुसऱ्यात वरवर चिकटलेला, आत पांढरा आलू, फिका. मुलानं दोन्ही डोळे मिटून खाल्ले आणि पहिलाच बोट दाखवून निवडला.

थंड जेवणाला मीठ, आंबट आणि तिखट तिन्ही थोडं जास्त लागतं, कारण थंड घास जिभेवर कमी बोलतो आणि वासही कमी सोडतो. मी घरचा वजनकाटा लावून मोजलं. गरम भाजीला किलोभर आलूला १२ ग्रॅम मीठ पुरायचं, थंडीला १५ लागलं. तेवढंच. त्याहून जास्त घातलं तर पोळीबरोबर खारट होते.

आंबटाची एक गंमत कळली, तीही चुकूनच. एकदा वेळ वाचवायला मी उकडायच्या पाण्यातच चिंच टाकली. चाळीस मिनिटं झाली तरी फोडी दगडासारख्या. आंबट पाण्यात आलू मऊ पडत नाही, कारण फोडी धरून ठेवणारा चिकटा आंबटात विरघळत नाही. म्हणून चिंच, आमसूल, टमाटर हे सगळं आलू शिजल्यानंतर. पण हाच गुण कामालाही येतो. पातळ चकत्या कापून उकडायच्या असतील आणि तुकडा पडायला नको असेल, तर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालते. चकत्या सुरेख अख्ख्या राहतात.

आता आलू कोणता घ्यायचा ते. हा भाग मला फार उशिरा समजला आणि याच्यावर अर्धी चव अवलंबून आहे. मी शनिवारी घरी येताना मेट्रोनं कॉटन मार्केटला उतरते. तिथला भाजीवाला एकच प्रश्न विचारतो, "नवा देऊ की स्टोअरचा?" उत्तरेकडचा आणि मध्य प्रदेशातला नवा माल हिवाळ्यात येतो. फेब्रुवारी-मार्चला निघालेला माल कोल्ड स्टोअरेजमध्ये जातो आणि मग पावसाळा-दिवाळीपर्यंत तोच आपल्याला मिळतो. नव्या आलूची साल अंगठ्यानं सरकते, तो उकडल्यावर घट्ट राहतो आणि कापला की कड सरळ दिसते. भाजीला, दह्यातल्या आलूला, चकत्यांना तोच पाहिजे. स्टोअरचा जुना आलू बऱ्याचदा पिठूळ असतो, उकडला की तडकतो. तो कुस्करायला, दशमीला आणि वडीला उत्तम.

ओळखू न आल्यास एक सोपी पारख आहे. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवायचं आणि आलू सोडायचा. पिठूळ बुडतो, घट्ट तरंगतो. एवढं मीठ कोण रोज घालणार, म्हणून मी बाटलीत भरून ठेवते, तेच पाणी पुन्हा-पुन्हा वापरते.

स्टोअरचा आलू कधी-कधी गोड लागतो आणि तेलात लवकर काळा पडतो. माणसं म्हणतात, आलू खराब आहे. खराब नसतो. फार थंड्या जागेत राहिल्यानं त्याच्यातला स्टार्च साखर होतो. असे आलू घरी आणून टोपलीत, अंधारात, हवेशीर जागी दहा-पंधरा दिवस ठेवले की गोडी बरीच उतरते. म्हणूनच कच्चे आलू मी फ्रीजमध्ये कधीच ठेवत नाही. आणि हिरवी झाक असलेला किंवा कोंब फुटलेला आलू सरळ फेकते, तिथं काटकसर करत नाही. त्यातलं विष शिजवूनही जात नाही.

पदार्थ आम्ही बरेच करून पाहिले, टिकले चार. त्यातली रोजची म्हणजे चिंचेची आलू. एक किलो आलू सालीसकट थंड्या पाण्यात टाकून उकळायला ठेवायचे. उकळत्या पाण्यात टाकले तर वरचा भाग फुटतो आणि पोट कच्चं राहतं. सुरी सहज जाईल इतके झाले की सोलायचे, फोडी करायच्या आणि लगेच मीठ, चिंचेचा घट्ट कोळ दोन चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड, तिखट. हातानं नाही, कोपर हलवून वर-खाली करायचं म्हणजे फोडी तुटत नाहीत. पंख्याखाली पसरायच्या. थंड झाल्यावर फल्ली तेलाची, म्हणजे शेंगदाणा तेलाची, फोडणी: मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसण. तेल फल्लीचंच पाहिजे. डिसेंबरात मी एकदा हौसेनं साजूक तुपात केली. दुपारी फोडींवर पांढरी साय जमली आणि टाळूला मेणासारखा थर बसला. थंड्या डब्ब्यात तूप आणि डालडा दोन्ही नको. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र रात्री घालायचा नाही, काळा पडतो आणि कडवट वास सोडतो. सकाळी डब्बा भरताना वर टाकायचा.

याच फोडींवर सकाळी एक मूठ कारळाची नाहीतर जवसाची चटणी घातली की याच आलूचा वेगळा प्रकार होतो. चटणी थोडं पाणी ओढून घेते, डब्बा कोरडा राहतो, आणि चव दुपारी खुलते. मिस्टरांना हीच सगळ्यात आवडते. जवसाची चटणी थंड खाण्यासाठीच जन्माला आली आहे असं मला मनापासून वाटतं. गरम भातापेक्षा ती थंड्या आलूवर जास्त शोभते.

पराठा मात्र फसला. गरम आलू-पराठा स्वर्ग, थंडा पराठा चामडं. सारणातलं पाणी पोळीत मुरतं, बाहेरची कणिक वातड होते आणि सारण एका कोपऱ्यात गोळा होतं. तीन वेळा केल्यावर मी सोडून दिला. मग जावेनं आठवण करून दिली की आलू आत भरायचा कशाला, कणकेतच मळायचा. आमच्या आजीच्या वेळेला प्रवासाला दुधात मळलेल्या दशम्या न्यायच्या, पाण्याचा हात नाही म्हणून त्या टिकायच्या. इथं दुधाच्या जागी आलू.

आदल्या रात्री अर्धा किलो आलू उकडून किसते, किसताना ते कोमट पाहिजेत. फार मळले तर चिकट लगदा होतो. अद्रक, मिरची, लसण यांचं वाटण त्यात मिसळून फ्रीजमध्ये. सकाळी तो डब्बा दहा मिनिटं बाहेर, मग तीन वाट्या कणिक, दोन चमचे तेल, ओवा, तीळ, मीठ, सांबार, दोन चमचे दही. पाणी एक थेंबही नाही. सुरुवातीला वाटतं हे जमणारच नाही, कणिक चुरासारखी हातातून गळते. तिला सोडायचं नाही. तीन-चार मिनिटं तळहातानं दाबत राहिलं की आलूतली ओल कणकेत उतरते आणि गोळा एकदम मऊ, लोण्यासारखा येतो. ती वेळ ओळखता आली पाहिजे, कारण त्यानंतर मळत राहिलं की गोळा सैल पडतो. मीठ पाणी सोडवतं, म्हणून लगेच लाटायचं, झाकून ठेवायचं नाही. पोळीपेक्षा जाड, मध्यम आचेवर, दोन्ही बाजूंना थोडं तेल. तव्यावरून काढल्यावर एकेक मिनिट कापडावर मोकळी ठेवायची, मग सुती फडक्यात एकावर एक. दुपारी दीडला ती दुमडते, मोडत नाही. सोबत लोणच्याची फोड असली की दुसरी भाजी लागत नाही. एका डब्ब्यात तीन दशम्या होतात.

दशम्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी कडक होतात, गव्हाची पोळी फ्रीजमध्ये बाहेरपेक्षा लवकर शिळी पडते. म्हणून फक्त आलूचं मिश्रण आधी, कणिक सकाळी. सकाळची पंधरा मिनिटं यालाच जातात, पण त्या वेळेत भाजी करावी लागत नाही.

तिसरा टिकलेला म्हणजे आलू-सांबार वडी. बेसन असल्यानं पोटात जास्त वेळ राहते. आलूनं पोट भरतं, पण प्रथिनं त्यात थोडीच, म्हणून बेसन, फल्लीदाणे किंवा अंडं यांतलं एक काहीतरी सोबत पाहिजेच. तीन मोठे कच्चे आलू किसून पाण्यात टाकते, नाहीतर काळे पडतात. किस घट्ट पिळायचा, हे नीट केलं नाही तर वडी भसाभस पाणी सोडते. त्यात दीड वाटी बेसन, मोठी मूठ चिरलेला सांबार, तीळ, तिखट, हळद, मीठ, दोन चमचे दही, चमचाभर तेल. तेल लावलेल्या थाळीत बोटभर जाड थापून पंचवीस मिनिटं वाफवायची, सुरी कोरडी निघाली की झाली. पूर्ण थंड होऊ द्यायची. घाईत कापली की चुरा. मग चौकोन कापून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लाल करायची. फ्रीजमध्ये दोन दिवस छान राहते आणि थंड खातानाही कड खमंग लागते. पहिल्यांदा घेऊन गेले त्या दिवशी दुकानात सहा वड्या नेल्या होत्या, मला दोन उरल्या.

चौथा अंडा-आलूचा जाड धिरडा. स्पेनमध्ये लोक असाच अंडी आणि आलूचा जाड पोळा करतात आणि थंड कापून खातात, हे मुलानं शोधून काढलं. आमच्या घरी करायचा आग्रहही त्याचाच. पाव इंच जाड चकत्या आणि कांदा भरपूर तेलात मंद आचेवर झाकून मऊ करायचे, तळायचे नाहीत, लाल होऊ द्यायचे नाहीत. तेल निथळून भाजीला वापरायला ठेवायचं. चकत्या फेटलेल्या पाच अंड्यांत दहा मिनिटं मुरवून, मीठ-मिरे घालून, सराट्यानं कडा आत ढकलत शिजवायचा, थाळी वर ठेवून उलटायचा. पूर्ण घट्ट शिजवते, मधे ओला ठेवत नाही, कारण तो कामाच्या ठिकाणी न्यायचा असतो. हा हिवाळ्यातच.

काप, आलूबोंडे, भजी, सगळं तळलेलं करून पाहिलं. दुपारपर्यंत कुरकुरीतपणा टिकत नाही, वरचं आवरण ओलं होतं. तळलेलं घरीच गरम खावं.

माझ्या सासऱ्यांना साखर आहे. थंड झालेल्या आलूतला थोडा स्टार्च अशा रूपात बदलतो की तो लहान आतड्यात पचत नाही, हे खरं आहे. पण त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आलू तो आलूच, मापातच. त्यांच्या ताटात दोनच फोडी जातात आणि सोबत मोठी वाटी डाळ.

उन्हाळा आला तेव्हा खरी परीक्षा झाली. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या आसपास. मी सुभाषनगरला मेट्रो पकडते, चितार ओळीला उतरते, आत एसी असतो म्हणून माझा डब्बा अर्धा वाचतो. मिस्टरांची बॅग मात्र वर्कशॉपमध्ये मशीनजवळ. इथं माझं दुकान उपयोगाला आलं. इन्सुलिन थर्माकोलच्या पेट्यांतून येतं, सोबत बर्फासारखे गोठवलेले जेल पॅक. माल उतरल्यावर ते पॅक कोपऱ्यात पडून राहतात. मी शेठजींना विचारलं. ते म्हणाले, "न्या ना ताई, फेकायचेच आहेत." सहा आणले, साबणानं घासून धुतले, फाटलेला एक टाकून दिला. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी कापडात गुंडाळून डब्ब्याला चिकटवून कापडी पिशवीत, आत जुनं टॉवेल गुंडाळलेलं. पहिल्याच आठवड्यात मी दीड वाजता सळई लावून मोजलं. पॅकशिवाय भाजी ३४ अंश, पॅकसोबत १६. मिस्टरांनीही त्यांचा मोजून आणला, २१. तरी उन्हाळ्यात दह्यातली आलू, अंडं, उकडलेल्या आलूची ओली भाजी हे सगळं बंद, फक्त चिंचेची कोरडी आलू, वडी आणि दशमी. आणि साडेचार वाजेपर्यंत उरलेला घास घरी परत आणायचा नाही.

हिशोब मी अजून वहीत लिहिते, कारण त्यातूनच सुरुवात झाली. आठवड्याला चार दिवस आलू, म्हणजे बारा डब्बे. अडीच किलो आलू ६० रुपये, फल्ली तेल ४५, दाणे-चटणी २८, बेसन २५, दही-लिंबू-चिंच-सांबार-मिरची मिळून ४०. कणिक ४३. एकूण २४१. गॅस सोडला तर डब्ब्याला २० रुपये पडतात. आलूचा भाव वाढला तेव्हा डब्बा २४ पर्यंत गेला, त्यावर कधी गेला नाही. बाहेर तेवढ्यात दोन आलूबोंडेही येत नाहीत. वाचलेल्या पैशातून मुलाची सेफ्टी शूजची जोडी आणि सासऱ्यांचं ग्लुकोमीटर आलं.

आता डब्बा उघडताना ताईंचा हात आधी माझ्याकडे येतो. दशम्या करायची पद्धत त्यांनी मला तीनदा विचारली, तिसऱ्यांदा मी कणकेचा गोळाच दुकानात नेऊन दाखवला, बोटानं दाबून, इतका मऊ झाला की थांबायचं.

आज कॉटन मार्केटला नवा आलू दिसला, साल अजून पातळ, माती ओलसर. पाच किलो घेतला. उद्या रविवार, अर्धा किलो चकत्यांना काढून ठेवला आहे, मुलानं अंड्यांचा ट्रे आणून ठेवलाय.